पंखा माहीत आहे, बटण माहीत नाही: जँगोच्या सेटिंग्ज सापडतील कशा?

मंगल कार्यालयात पंगत बसलेली असते, नेमका आजीच्या डोक्यावरचा पंखा बंद असतो, आणि घरातलं कोणीतरी भिंतीवरच्या स्विचबोर्डापाशी जाऊन उभं राहतं. तीस-चाळीस बटणं, एकावरही नाव नाही. मग एकेक दाबून बघायचं. स्टेजवरचे दिवे जातात, माइक बंद पडतो, आणि शेवटी कार्यालयाचा माणूस येऊन न बघता बरोबर बटण दाबतो. बोर्डात बिघाड काहीच नव्हता. आपल्याला पंखा माहीत होता, बोर्डावर बटणं होती. दोघांना जोडणारी चिठ्ठी तेवढी नव्हती.

सॉफ्टवेअरमधल्या सेटिंग्जचं दुखणं हेच आहे. हवी ती सोय बहुतेक वेळा आत असतेच. ती कोणत्या नावाखाली ठेवली आहे हे कळत नाही, आणि त्या नावाच्या शोधात दुपार जाते. हे नीट दिसावं म्हणून मी एकच उदाहरण घेते, जँगोचं, कारण रोजचं काम मी त्यावरच करते.

वेबसाइट बनवताना लॉगिन, डेटाबेस, फॉर्म, फाइल चढवणं ही कामं सगळ्यांनाच लागतात. ती तयार करून देणारा सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. जँगो हा पायथन भाषेतला असा सांगाडा. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी तो बांधायला घेतला, आणि जुलै २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. सांगाडा एकच असला तरी प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून त्याला आपल्या कामापुरतं वळण द्यावं लागतं. ते वळण देणाऱ्या ओळी म्हणजे सेटिंग्ज. फाइलमध्ये त्यांची नावं रोमन मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून लिहितात. इथे मी ती उच्चाराप्रमाणे देते आहे.

आता बोर्डाची रचना बघू. जँगोच्या पोटात ‘ग्लोबल सेटिंग्ज’ नावाची एक फाइल असते. तिच्यात शंभराहून अधिक सेटिंग्ज आणि त्यांच्या आधीच ठरलेल्या किमती, म्हणजे डिफॉल्ट, असतात. किंमत म्हणजे इथे पैसे नव्हेत, त्या सेटिंगमध्ये भरलेला आकडा किंवा शब्द. तुम्ही नवा प्रकल्प सुरू केलात की जँगो तुमच्यासाठी ‘सेटिंग्ज डॉट पीवाय’ नावाची दुसरी फाइल तयार करतो. तिच्यात जेमतेम पंधरा-सोळा सेटिंग्ज असतात. साइट सुरू होताना आधी पोटातली फाइल वाचली जाते, मग तिच्यावर तुमची फाइल पसरली जाते. तुम्ही लिहिलं असेल तिथे तुमचं, नसेल तिथे जँगोचं.

म्हणजे डोळ्यांसमोर असतात पंधरा-सोळा बटणं, आणि बाकीची पडद्यामागे. समोरच्या फाइलीत जे नाही ते अस्तित्वातच नाही, असं नवशिक्याला वाटणं अगदी साहजिक आहे.

समोर असलेल्या सेटिंगचं काम किती सोपं होतं ते आधी सांगते. नव्या साइटवर सकाळी १० वाजता फाडलेल्या पावतीवर पहाटे ४.३० ची वेळ छापून आली, हा अनुभव भारतात जँगो वापरणाऱ्या पुष्कळांनी घेतला असेल. फाइल उघडली की ‘टाइम झोन’ समोर दिसतं, त्यापुढे ‘यूटीसी’, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिलेलं असतं, तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहिलं की झालं. पाच मिनिटांचं काम. पण तीच ओळ कोणी ‘नको असेल’ म्हणून पुसून टाकली तर? तर घड्याळ यूटीसीवर राहत नाही, ते शिकागोच्या वेळेवर जातं. कारण पोटातल्या फाइलीत ‘अमेरिका/शिकागो’ लिहिलेलं आहे. लॉरेन्स गाव शिकागोच्याच प्रमाणवेळेवर चालतं. पहिल्या आवृत्तीतली ती किंमत, जुन्या साइट बिघडू नयेत म्हणून, आजवर तशीच ठेवलेली आहे. एकाच सेटिंगची दोन डिफॉल्ट, एक दिसणारं आणि एक न दिसणारं. ‘याचं डिफॉल्ट काय?’ या साध्या प्रश्नालाही इथे दोन उत्तरं आहेत, हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचे बरेच गोंधळ टळतात.

आता पडद्यामागचं बटण. एका पतसंस्थेच्या कामात मला सांगण्यात आलं, ‘‘मॅडम, सोमवारी केलेलं लॉगिन पुढच्या सोमवारीही चालूच असतं. काउंटरवर माणूस बदलतो. संध्याकाळी आपोआप बाहेर पडायला हवं.’’ मागणी रास्त होती. मी जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे त्याच्या माहितीपानांत, ‘लॉगआउट’ शोधलं. सापडलं ‘लॉगआउट रिडायरेक्ट यूआरएल’, म्हणजे बाहेर पडल्यावर कोणतं पान दाखवायचं ते. ‘लॉगिन’ने सुरू होणाऱ्या सेटिंग्जही पत्त्यांच्याच. ‘टाइमआउट’ शोधलं तर ईमेलचा टाइमआउट आणि पासवर्ड बदलण्याच्या दुव्याची मुदत. मला हवं होतं त्याचं नाव आहे ‘सेशन कुकी एज’.

हे नाव चुकीचं नाही. लॉगिन लक्षात ठेवण्यासाठी सर्व्हर ब्राउझरकडे एक छोटी चिठ्ठी ठेवतो, तिला कुकी म्हणतात. त्या ओळखीच्या मुदतीला सेशन म्हणतात. आणि ती चिठ्ठी किती काळ चालायची ते तिचं वय. यंत्राच्या बाजूने बघितलं तर नाव अचूक आहे. पण पतसंस्थेतला माणूस यंत्राच्या बाजूला उभा नसतो, आणि पहिल्या दिवशी मीही नव्हते. त्याची डिफॉल्ट किंमत आहे १२०९६००. हे सेकंद आहेत, म्हणजे बरोबर १४ दिवस. मी तिथे २८८००, म्हणजे ८ तास लिहिले. बदल एका ओळीचा आणि शोध तासाभराचा.

माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे. माणूस येतो तक्रार घेऊन, आणि यादी लावलेली असते नावांनी. जँगोच्या सेटिंग्जच्या संदर्भपानावर मुख्य सेटिंग्ज वर्णानुक्रमे लावल्या आहेत. लॉगिन, सेशन, स्थिर फाइली (साइटची चित्रं, रंगरूपाच्या फाइली) यांचे विभाग वेगळे आहेत. आणि अगदी तळाशी विषयवार सूची आहे: डेटाबेस, ईमेल, फाइल चढवणं, सुरक्षा असे गट पाडलेली. मला विचाराल तर ती सूची तळाशी नको, पहिल्या पडद्यावर हवी. वर्णानुक्रम शब्दकोशाला शोभतो, कारण तिथे शब्द हातात घेऊनच आपण जातो. इथे शब्दच तर शोधायचा असतो.

नाव सांगण्याची सर्वांत योग्य जागा मात्र डॉक्युमेंटेशन नाहीच. ती जागा म्हणजे जिथे अडलं तिथेच. आणि यात जँगो काही ठिकाणी फार सुंदर वागतो. साइट नव्या पत्त्यावर नेली की जँगो ती उघडायला नकार देतो आणि संदेशात म्हणतो की हा पत्ता तुम्हाला ‘अलाउड होस्ट्स’मध्ये घालावा लागेल. पत्ताही लिहिलेला, सेटिंगचं नावही लिहिलेलं. त्याच पतसंस्थेत सभासदांच्या सुरुवातीच्या शिलका एकाच पडद्यावर भरायच्या होत्या. २५० सभासद, प्रत्येकी ५ रकाने, म्हणजे १२५० रकाने. ‘जतन करा’ दाबलं की कोरं पान आणि त्यावर ‘बॅड रिक्वेस्ट’. सर्व्हरचा लॉग, म्हणजे घडलेल्या गोष्टींची त्याने ठेवलेली नोंद, उघडला तर तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं की रकान्यांची संख्या ‘डेटा अपलोड मॅक्स नंबर फील्ड्स’च्या पलीकडे गेली. ही मर्यादा १००० ची असते. कोणी मुद्दाम लाखो रकाने पाठवून सर्व्हर गुदमरवू नये म्हणून घातलेली. इतकं लांबलचक नाव मला जन्मात सुचलं नसतं, पण शोधावं लागलंच नाही. संदेश लिहिणाऱ्याने दोन शब्द अधिक लिहिले आणि माझा अख्खा दिवस वाचवला. मी मर्यादा वाढवली नाही, पडदाच पाच भागांत केला. पण तो निर्णय मला घेता आला तो कारण समोर होतं म्हणून.

या दोन्ही संदेशांत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. साइट लोकांसाठी खुली असताना हे संदेश ब्राउझरमध्ये दिसत नाहीत, आणि दिसूही नयेत. ते लॉगमध्ये जातात. लॉग कुठे जातो हेच ठरवलेलं नसेल तर इतकी चांगली चिठ्ठी कोणी वाचणार नाही.

लाखाचा स्वल्पविराम

आपल्याकडे प्रत्येकाला कधी ना कधी लागणारं आणि भलतं अवघड जाणारं उदाहरण आकड्यांचं आहे. रक्कम १२३४५६७ असेल तर आपण ती १२,३४,५६७ अशी लिहितो. जँगो मुळात स्वल्पविराम देतच नाही. म्हणून शोधायला जावं तर ‘लाख’, ‘स्वल्पविराम’, ‘भारतीय आकडे’ यांपैकी कोणताही शब्द कोणत्याही सेटिंगच्या नावात नाही.

पहिली सेटिंग ‘यूज थाउजंड सेपरेटर’. ती सुरू केली की स्वल्पविराम येतात, पण १,२३४,५६७ असे, तीन-तीनच्या गटांनी. दुसरी ‘नंबर ग्रुपिंग’, गट किती आकड्यांचे ते सांगणारी. तिच्यात २०१७ साली आलेल्या १.११ या आवृत्तीपासून असमान गटही देता येतात: ३, २, ० असं लिहिलं तर पहिला गट तीनचा, नंतरचे दोनचे, आणि शून्याचा अर्थ पुढेही तसंच चालू ठेवा. जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये भारतीय इंग्रजीसाठी हेच उदाहरण दिलेलं आहे. वाचून आनंद होतो, आपण ओळ लिहितो, पान ताजं करतो. काहीही बदललेलं नसतं.

कारण साइटची भाषा अमेरिकन इंग्रजी असते, तीच डिफॉल्ट आहे, आणि इंग्रजीसाठी जँगोकडे आकड्यांच्या मांडणीची वेगळी फाइल आहे. तिच्यात गट तीनचा असं लिहिलेलं आहे, आणि भाषेच्या फाइलीतलं मत तुमच्या सेटिंगपेक्षा वरचढ ठरतं. उपाय आहे तिसऱ्या सेटिंगमध्ये, ‘फॉरमॅट मॉड्यूल पाथ’. तिच्यात तुमच्या स्वतःच्या मांडणीच्या फाइलींचा पत्ता द्यायचा आणि तिथे इंग्रजीसाठी ३, २, ० लिहायचं. मग लाख लाखासारखे दिसतात.

तीन सेटिंग्ज, तिघींच्या नावांत परस्परसंबंध दिसत नाही, आणि मधलीकडे काहीही न बोलता दुर्लक्ष होतं. ‘ही सेटिंग अमुक कारणाने लागू झाली नाही’ एवढं कोणी सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता. म्हणून मला वाटतं, सेटिंग सापडणं म्हणजे नुसतं नाव सापडणं नव्हे. आत्ता कोणती किंमत लागू आहे आणि ती कोणाच्या सांगण्यावरून, हेही सापडायला हवं.

न बोलणाऱ्या चुका

समजा घाईत मी ‘सेशन कुकी एज’ऐवजी ‘सेशन कुकीज एज’ लिहिलं. काय होईल? काहीच नाही. जँगो मोठ्या अक्षरांतलं कोणतंही नाव मुकाट घेतो, कारण सेटिंग्जच्या फाइलीत तुमची स्वतःची नावं ठेवायलाही मोकळीक आहे. त्यामुळे चुकलेलं नाव आणि नवं नाव यांतला फरक त्याला कळत नाही. बोर्डावर मी एक नवंच बटण बसवलं, त्याला वायर जोडलेलीच नाही, आणि ते मी समाधानाने दाबून ठेवलं आहे.

जुन्या नावांचंही असंच. चढवलेल्या फाइली कुठे साठवायच्या हे पूर्वी ‘डिफॉल्ट फाइल स्टोरेज’ सांगायचं. ४.२ या आवृत्तीत ते आणि स्थिर फाइलींचं असंच एक नाव एकत्र करून ‘स्टोरेजेस’ आलं, आणि ५.१ मध्ये जुनी दोन्ही नावं काढून टाकली. मधल्या आवृत्त्या ‘हे नाव जाणार आहे’ अशी सूचना देत होत्या, पण पायथन अशा सूचना एरवी दाखवत नाही. मुद्दाम मागितल्यावर त्या दिसतात. ज्याने त्या पाहिल्या नाहीत आणि आवृत्ती थेट वर नेली, त्याच्या फाइलीतली जुनी ओळ आता निव्वळ शोभेची. सभासदांची कागदपत्रं दूरच्या साठ्यात जाण्याऐवजी त्याच सर्व्हरच्या डिस्कवर साठू लागतात, आणि डिस्क भरेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. जुन्या लेखांतून ओळी उचलणाऱ्यांनी आधी तो लेख कोणत्या आवृत्तीचा आहे ते बघावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. जँगो नव्या प्रकल्पाच्या फाइलीत डॉक्युमेंटेशनचा जो दुवा घालून देतो, त्यात आवृत्तीचा आकडा असतो. ती नुसती टिप्पणी, म्हणजे माणसांसाठी लिहिलेली ओळ, आहे म्हणून तो दुवा पुसून टाकू नका.

अशा मुक्या चुका पकडायला जँगोकडेच एक कमांड आहे, आणि ती वर्षानुवर्षं जँगो वापरणाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसते: ‘डिफसेटिंग्ज’. टर्मिनलमध्ये मॅनेज डॉट पीवायला (प्रकल्पाला कमांड देण्याची फाइल) हा शब्द दिला की तुमच्या सेटिंग्ज आणि पोटातल्या डिफॉल्ट यांतला फरक छापून येतो. जे नाव जँगोच्या मूळ यादीतच नाही, त्याच्या ओळीच्या शेवटी ### अशी खूण असते. आता वरची चूक आठवा. ‘सेशन कुकीज एज’च्या शेवटी ### दिसलं की लगेच शंका यायला हवी: हे जँगोचं नाव असेल तर खूण का? अर्थात खूण म्हणजे चूकच असं नाही. बाहेरून बसवलेल्या पॅकेजांच्या सेटिंग्ज, तुमच्या स्वतःच्या, आणि ‘रूट यूआरएलकॉन्फ’सारख्या जँगोच्याच पण डिफॉल्ट नसलेल्या नावांवरही ती येते. पण शंभर ओळी वाचण्याऐवजी वीस वाचायच्या, हा फरक मोठा आहे. कमांडला ‘ऑल’ हा पर्याय दिला तर न बदललेल्या सेटिंग्जही दिसतात, त्यांच्या सुरुवातीला तीच खूण घेऊन.

एक सावधगिरी: ही कमांड गुप्त किल्ली आणि डेटाबेसचा पासवर्डही उघड छापते. तिचा स्क्रीनशॉट टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये.

डिफसेटिंग्ज ‘आत्ता काय लागू आहे’ ते सांगते, पण ‘कुठून आलं’ ते सांगत नाही. मोठ्या प्रकल्पात सेटिंग्ज तीन-चार फाइलींत विभागलेल्या असतात, काही किमती सर्व्हरच्या वातावरणातून, म्हणजे फाइलीबाहेर सर्व्हरवरच ठेवलेल्या नावांतून, येतात, आणि कोणती ओळ शेवटी जिंकली ते हाताने शोधावं लागतं. ही गोष्ट इतरांनी चांगली सोडवलेली आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘पीजी सेटिंग्ज’ नावाचं एक कोष्टकच आहे. प्रत्येक सेटिंगची चालू किंमत, एकक, कमाल-किमान मर्यादा, एका वाक्यात अर्थ, आणि ती कोणत्या फाइलीतल्या कोणत्या ओळीवरून आली तेही त्यात दिसतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला ‘शो ओरिजिन’ असं विचारलं तर तोही प्रत्येक सेटिंगपुढे फाइलचं नाव लिहून देतो. जावामधल्या स्प्रिंग बूटमध्ये सेटिंग्जची माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात पॅकेजबरोबरच येते, म्हणून कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये दोन अक्षरं टाइप केली की नावं, अर्थ आणि डिफॉल्ट सुचवली जातात. आवृत्ती बदलताना जुन्या नावांची तक्रार करणारं एक वेगळं साधनही त्यात आहे. जँगोमध्ये यातलं थोडं जरी आलं तरी मला फार आवडेल.

तोवर आपल्या प्रकल्पात आपण काय करू शकतो? मी करते ते सांगते. आमच्या स्वतःच्या सगळ्या सेटिंग्जना एकच उपसर्ग लावलेला आहे, आणि सुरू होतानाच्या तपासणीत त्या उपसर्गाचं अनोळखी नाव दिसलं की साइट उठतच नाही. जँगोची तपासणीची व्यवस्था आपल्या नियमांसाठीही खुली आहे, त्यामुळे हे दहा-पंधरा ओळींचं काम आहे. वातावरणातून येणाऱ्या किमती एकाच जागी वाचायच्या, कोडमध्ये इकडेतिकडे नाही. आणि एकक नावातच लिहायचं: सेकंद, दिवस, मेगाबाइट. या बाबतीत जँगोचा एक निर्णय मला अजून खटकतो. पासवर्ड बदलण्याच्या दुव्याची मुदत पूर्वी ‘पासवर्ड रिसेट टाइमआउट डेज’ या नावाने दिवसांत होती, ३ दिवस. नंतर ती सेकंदांत आणली, ते योग्यच, तासा-दोन तासांची मुदत देता येऊ लागली. पण नावातून ‘डेज’ गेलं आणि ‘सेकंद’ काही आलं नाही. आता २५९२०० हा आकडा वाचणाऱ्याने स्वतः भागाकार करायचा.

सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो मात्र अगदी साध्या गोष्टीचा. पायथन ३ च्या फाइलीत देवनागरीतल्या टिप्पण्या बिनदिक्कत चालतात. म्हणून आम्ही सेटिंग्जच्या फाइलीत प्रत्येक ओळीवर ती तक्रार लिहितो, जिच्यामुळे ती ओळ आली, आणि ती ज्या शब्दांत आली त्याच शब्दांत. मागच्या महिन्यात टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला पतसंस्थेतून फोन आला की दुपारची पाळी लांबली, लॉगिन मधेच तुटतंय. तिला ‘सेशन कुकी एज’ हे नाव ठाऊक नव्हतं. तिने फाइलीत ‘लॉगिन’ शोधलं, आणि तिला ही ओळ मिळाली: ‘काउंटरवर माणूस बदलतो, लॉगिन संध्याकाळी आपोआप तुटावं. सेकंद. २८८०० म्हणजे ८ तास.’ तिने आठाचे दहा केले आणि खाली त्या दिवसाची तारीख घालून लिहिलं: ‘पाळी लांबली.’